कुठलंही बटण दाबा आणि पुढे चला?

काही वाक्यं आपण शेकडो वेळा बघितलेली असतात आणि एकदाही वाचलेली नसतात. कॉम्प्युटर सुरू करताना कधीकधी काळ्या किंवा निळ्या स्क्रीनवर येणारं ते वाक्य त्यातलंच. तुमच्या एका डिस्कची तपासणी करायला हवी, नको असेल तर दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा, असा त्याचा मतितार्थ. यातला 'तपासणी करायला हवी' हा भाग कुणी वाचत नाही. 'कुठलंही बटण दाबा' एवढंच दिसतं, आणि बोट आपोआप स्पेसबारकडे जातं.

आता ही स्क्रीन एकदा आली तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तपासणी होऊ द्यावी, चहा घेऊन यावा. माझा मुद्दा आहे तो रोज येणाऱ्या स्क्रीनचा. काल तपासणी झाली, आज पुन्हा आली, उद्या परत. अशा वेळी मंडळी दोनच गोष्टी करतात. एक तर रोज बटण दाबतात, नाहीतर कुणाला तरी बोलावून ती स्क्रीनच बंद करून घेतात. माझं म्हणणं असं की दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट. आणि या दोन्ही सवयी आपल्याला का लागल्या त्याला एक कारण आहे, जे निदान आमच्या नगर जिल्ह्यात तरी लाईटीच्या तारेला जोडलेलं आहे.

आधी थोडं तांत्रिक. कंटाळू नका, दुकानाच्या वहीवर भागवतो.

समजा एक दुकानदार आहे. सकाळी दुकान उघडलं की वहीवर 'वही उघडी आहे' अशी चिठ्ठी लावतो, रात्री सगळ्या नोंदी पुऱ्या झाल्या की ती काढतो. एखाद्या दिवशी नोंद अर्धी असतानाच लाईट गेली आणि तो तसाच घरी गेला, तर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी जागेवरच. म्हणजे रोजकीर्द आणि खतावणी जुळते का, हे पान न पान बघणं आलं. विंडोज ९८ च्या काळातली फॅट३२ ही फाइल सिस्टिम साधारण अशी चालायची. त्या चिठ्ठीला आमच्या भाषेत 'डर्टी बिट' म्हणतात. लाईट गेली, चिठ्ठी राहिली, पुढच्या वेळी स्कॅनडिस्क सुरू. वर विंडोज ९८ तुम्हालाच सुनवायचं की बाबा रे, कॉम्प्युटर नीट बंद केला नाहीस म्हणून ही वेळ आली, पुढच्या वेळी स्टार्ट मेनूतून शटडाऊन कर. इकडे अख्ख्या आळीत अंधार, आणि हा आपल्यालाच शहाणपण शिकवतोय :)

एनटीएफएस ही त्यानंतर घरोघरी आलेली फाइल सिस्टिम. ती जन्मली १९९३ साली विंडोज एनटीबरोबर, पण आपल्या घरात शिरली ती एक्सपीच्या काळात. हा दुकानदार जास्त हुशार. पक्क्या वहीत काही लिहायच्या आधी 'मी आता अमुक अमुक लिहिणार आहे' असं कच्च्या वहीत टिपून ठेवतो. लाईट गेली तरी परत आल्यावर कच्ची वही बघायची आणि अर्धवट काम एक तर पुरं करायचं, नाहीतर खोडायचं. दोन मिनिटांत दुकान सुरू. लिनक्समध्येही हेच झालं. जुन्या एक्स्ट२ला लाईट गेल्यावर अख्खी डिस्क तपासावी लागायची, २००१ साली लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत आलेल्या एक्स्ट३ला कच्ची वही मिळाली आणि तो त्रास संपला.

आता यातली गोम बघा. फॅट३२च्या काळात ती स्क्रीन आली की अर्थ बहुतेक वेळा एकच, 'काल लाईट गेली होती.' एनटीएफएसमध्ये नुसती लाईट गेली तर सहसा चिठ्ठी लागतच नाही, कारण कच्ची वही सांभाळून घेते. ती लागते तेव्हा अर्थ साधारण असा असतो की, 'मी वही वाचली आणि मला हिशोब जुळत नाहीये.' स्क्रीन जवळजवळ तीच आहे, अर्थ मात्र बदललाय. आपण अजून जुनाच अर्थ धरून बसलोय.

याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. साधारण २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमन कसं होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना आठवत असेल. आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसणं काही नवलाचं नव्हतं. नेमक्या त्याच काळात गावोगाव कॉम्प्युटर येत होते. एमएस-सीआयटीचे क्लास सुरू झाले होते, पतसंस्थांमध्ये आणि खतांच्या दुकानांत कॉम्प्युटर बसत होते. क्लासमध्ये 'शटडाऊन कसा करावा' हे नीट शिकवायचे, आणि शिकवता शिकवता लाईट जायची. मग त्या पिढीने काय शिकावं? ती स्क्रीन म्हणजे लाईटीचा प्रताप, बटण दाबायचं आणि पुढे जायचं. तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही होतं, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही. पण पुढे लाईट सुधारली, फाइल सिस्टिम बदलली, आणि बोट मात्र स्पेसबारवरच राहिलं.

याचं एक उदाहरण घरातलंच आहे. माझ्या मामांचं राहुरीच्या बाजूला कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं. हा धंदा निम्मा उधारीवर चालतो. शेतकरी पेरणीला माल नेतो आणि उसाचं पेमेंट झालं की पैसे देतो. म्हणजे सहा-आठ महिने, कधी त्याहूनही जास्त, दुकानदाराचा जीव त्या उधारीच्या खात्यात अडकलेला. मामांनी हे सगळं टॅलीत घेतलं होतं आणि हाताने लिहायची वही केव्हाच बंद केली होती.

२०१८च्या दिवाळीत मी पुण्याहून गेलो होतो, तर मामा म्हणाले, "अरे, तो कॉम्प्युटर लई हळू झालाय, जरा बघतो का?"

मी म्हटलं, "मामा, सुरू होताना काही येतं का स्क्रीनवर?"

"आता नाही येत. आधी रोज यायचं ते चेकिंगचं. लाईटीमुळं येतं ते. पोरगा बटण दाबायचा. मग म्हटलं रोजची कटकट कशाला, एका रिपेरिंगवाल्याकडून काढून घेतलं."

काढून घेतलं म्हणजे काय, तर विंडोजमध्ये सीएचकेएनटीएफएस नावाची एक कमांड आहे. तिला एक्स हा पर्याय देऊन डिस्कचं नाव दिलं की सुरू होताना ती डिस्क तपासायची नाही, असं विंडोजला बजावता येतं. चिठ्ठी तशीच राहते, फक्त तिच्याकडे बघायचं नाही असं ठरतं. मी एफएसयूटिलच्या डर्टी क्वेरीने विचारलं, तर सी ड्राइव्ह अजूनही 'डर्टी'च. इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर डिस्कवर खराब ब्लॉक सापडल्याच्या नोंदींची रांग लागलेली, सुरुवात दोन-अडीच महिन्यांपूर्वीची. डिस्क स्वतःबद्दल जी माहिती ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात, ती बघितली तर वाचता न येणारे सेक्टर ढिगाने. थोडक्यात डिस्क मरायला टेकली होती. ती रोज सकाळी तेच सांगत होती आणि तिचं तोंड बंद करून झालं होतं.

मी तपासणी लावली नाही. आधी टॅलीचा डेटा असलेला फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवला, मग तोच पेनड्राइव्हवर. कॉपी मध्येच अडायची, पुन्हा लावायची, असं करत बराचसा डेटा निघाला. पण चालू वर्षाच्या कंपनीतला जवळजवळ दीड महिन्याचा भाग वाचता येईना. तो भाग मामा आणि दुकानातल्या पोराने बिलबुकाच्या कार्बन कॉप्या घेऊन अख्खी दिवाळी बसून पुन्हा भरला. ज्या नोंदी बिलाविना नुसत्या तोंडी झाल्या होत्या, त्यांच्यासाठी मामांना एकेका शेतकऱ्याला विचारावं लागलं की, "भाऊ, तुमच्याकडे किती निघतात?" बहुतेकांनी खरं सांगितलं. पण दुकानदाराने गिऱ्हाईकाला असं विचारायचं म्हणजे काय, हे मी मामांच्या तोंडावर बघितलं. नवी डिस्क तीनेक हजारांची. ती दोन महिने आधी बसली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

आणखी एक गंमत. कॉम्प्युटरखाली यूपीएस होता, पण त्याची बॅटरी बसून काळ लोटला होता आणि त्याचा उपयोग एक्स्टेंशन बोर्ड म्हणून चालला होता. दुकानात इन्व्हर्टर होता, तो पंखा आणि ट्यूबलाईटीला. म्हणजे लाईट गेल्यावर माणसाला वारा मिळायचा आणि डिस्कला झटका.

कुणी म्हणेल, एका दुकानाच्या गोष्टीवरून काय सिद्ध होतं? बरोबर आहे. म्हणून मोठा आकडा घेऊ. २००७ साली गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोसो या तिघांनी एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क आपल्या पृष्ठभागाची आपणच तपासणी करते, त्यात पहिली चूक सापडली की ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता, अशी चूक न सापडलेल्या डिस्कांच्या ३९ पट होती. ३९ टक्के नव्हे, ३९ पट! दुसरा आकडा जास्त झोंबणारा आहे. ज्या डिस्का गेल्या, त्यांतल्या ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी 'स्मार्ट'मधल्या चार महत्त्वाच्या लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं.

हे दोन आकडे एकत्र वाचले की अर्थ लागतो. निम्म्याहून जास्त डिस्का काही न सांगताच जातात. मग जी सांगून जातेय ती तुमच्यावर उपकार करतेय! तिचं ऐकून न घेणं म्हणजे मिळालेली सूट फेकून देणं. आता तर एसएसडीचा जमाना आहे. तिला खरखर नाही, टकटक नाही, बऱ्याचदा ती एकदमच जाते. जुन्या हार्ड डिस्कचा आवाज ऐकून तरी माणूस सावध व्हायचा.

बरं, रोज येणाऱ्या स्क्रीनचं कारण दर वेळी मरणारी डिस्कच असतं असं नाही. सैल झालेली साटा केबल असू शकते, आणि ती बदलायला शंभर-दोनशे रुपये लागतात. रॅम खराब असली की चांगल्या डिस्कवरही चुकीचं लिहिलं जातं. कधी आधी लावून ठेवलेली तपासणी रजिस्ट्रीत अडकून राहते आणि डिस्क ठणठणीत असताना रोज चालते. एखादा ड्रायव्हर शटडाऊनच्या वेळी डिस्क नीट सोडत नाही. पेनड्राइव्हवर 'स्कॅन करू का' असं येतं तेव्हा बहुतेक वेळा तो न विचारता उपटलेला असतो, कारण पेनड्राइव्ह अजूनही फॅट३२ किंवा एक्सफॅटवर असतात आणि तिथे जुना चिठ्ठीवाला हिशोब चालतो. म्हणूनच 'कारण शोधा' म्हणतोय. स्क्रीन तीच असते, पण खर्च शून्य ते काही हजार असा कितीही असू शकतो.

शोधायचं कसं? माझा क्रम सांगतो, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं काम बॅकअप. तपासणीच्याही आधी. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवणं हे आहे, तुमची फाइल वाचवणं हे नाही. हिशोब जुळत नसेल तर ती तुमच्या फाइलचा तुकडा कापून 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते आणि 'झालं बघा काम' म्हणते. शिवाय 'आर' पर्याय दिला तर ती डिस्कचा कोपरा न कोपरा वाचते. मरायला टेकलेल्या डिस्कला असं पळवणं म्हणजे हार्ट अटॅक आलेल्याला जिना चढायला लावणं. दुसरं, स्मार्ट माहिती बघा, फुकटची सॉफ्टवेअरं मिळतात. 'पेंडिंग' किंवा 'रिअ‍ॅलोकेटेड' सेक्टरचा आकडा वाढत असेल तर डिस्क बदला, चर्चा नको. 'सीआरसी एरर' वाढत असतील तर आधी केबल बदलून बघा. तिसरं, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तपासणीचा निकाल लिहिलेला असतो तो वाचा. त्यात काहीच चूक नसेल तर रजिस्ट्री आणि ड्रायव्हरकडे वळा, चूक दर वेळी वेगळ्या ठिकाणी असेल तर रॅम तपासा. आणि चौथं, यूपीएसची बॅटरी. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असेल तर मागे 'यूपीएस मोड'चा खटका असतो का ते बघा, साध्या मोडवर लाईट बदलताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होऊ शकतो.

आता माझ्या विरोधातलाही मुद्दा मांडतो, कारण तो खोटा नाही. आमच्या क्षेत्रानं इशाऱ्यांचा सुळसुळाट केलाय. अपडेट करा, परवानगी द्या, खात्री आहे का, नक्की खात्री आहे का... माणूस किती वाचणार? शंभरातले नव्वद निरर्थक असतील तर उरलेले दहाही वाया जातात, आणि दोष फक्त वाचणाऱ्याचा नसतो. मायक्रोसॉफ्टलाही हे कळलं असावं. २०१२च्या विंडोज ८पासून बरीचशी तपासणी कॉम्प्युटर चालू असतानाच पाठीमागे होते आणि सुरू होताना लागलीच तर फक्त सापडलेल्या जागेपुरती दुरुस्ती होते. त्यामुळे हल्ली ती स्क्रीन कमी दिसते. पण माझ्या मते यानं माझा मुद्दा पक्काच होतो. पूर्वी दहापैकी नऊ वेळा ती फुकट यायची. आता क्वचित येते, आणि तरीही रोज यायला लागली तर ती नक्की काहीतरी सांगतेय.

इशारे कमी करायचे दोन रस्ते आहेत. कारण मिटवायचं, नाहीतर सांगणाऱ्याला गप्प करायचं. आमच्याच नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पहिल्या रस्त्याने गेलं. पोपटराव पवारांचं नाव २०२०च्या पद्मश्री यादीत आल्यावर पुष्कळांना हे गाव माहीत झालं, पण तिथल्या झाडांच्या फोटोंपेक्षा मला तिथला पाण्याचा ताळेबंद जास्त आवडतो. यंदा पाऊस किती झाला ते मोजायचं, विहिरींची पातळी बघायची, आणि ते आकडे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवून कोणती पिकं घ्यायची, कोणती नाही ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर मारायला तिथे बंदी आहे. का? कारण विहिरीचं पाणी खाली जाणं हा इशारा आहे, आणि बोअर मारणं म्हणजे तो इशारा दिसू नये अशी सोय. पाणी लागतं, दोन वर्षं बरी जातात, आणि मग एकदम खडखडाट. रिपेरिंगवाल्याची ती कमांड म्हणजे असलाच एक बोअर.

त्या रिपेरिंगवाल्यावर मी सगळं ढकलणार नाही. गिऱ्हाईकानं 'ते चेकिंगचं काढून द्या' एवढंच सांगितलं आणि त्यानं ते काढून दिलं. मागणीच चुकीची होती. 'ते का येतंय ते बघा' अशी मागणी असती तर कदाचित त्यानंही पाहिलं असतं. डॉक्टरकडे जाऊन आपण 'ताप उतरवा' म्हणतो, आणि चांगला डॉक्टर 'आधी रक्त तपासू' म्हणतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत तो डॉक्टर बऱ्याच घरांत तुम्हीच असता. पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरात नोकरी करणारा, 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' असं ज्याच्याबद्दल घरचे चारचौघांत सांगतात तो.

आपला स्वतःचा डेटा आता क्लाउडवर असतो, ऑफिसचा लॅपटॉप मेला तर आयटीवाले दुसरा देतात. आपल्याला डिस्कची किंमत कळेनाशी झालीय. पण गावाकडच्या त्या जुन्या सीपीयूत दुकानाची उधारी आहे, बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, आजोबांचा एकमेव व्हिडिओ आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. तेव्हा आज-उद्या घरी फोन कराल तेव्हा जेवण झालं का विचारून झाल्यावर एवढंच विचारा की, कॉम्प्युटर सुरू करताना रोज काही येतं का, किंवा पूर्वी यायचं आणि कुणी बंद करून दिलंय का? 'हो' म्हणाले तर दुरुस्ती पुढच्या फेरीत करा. कॉपी मात्र आजच काढायला सांगा.